मंगळाची पोटरी

शिरूरच्या एस.टी. स्टँडकडून बाजाराकडे चालत आलात की डाव्या हाताला माझं दुकान लागतं. दुकानावर दोन पाट्या आहेत. मोठी पाटी सांगते की इथं बोर्ड, लॉरीवरची नावं, नाटकाचे पडदे आणि फोटोवरून मोठी चित्रं करून मिळतील. तिच्याखालची छोटी पाटी सांगते : ‘देवांची चित्रे काढून मिळणार नाहीत.’

ही दुसरी पाटी वाचून नवखी माणसं माझ्याकडे जरा सांभाळून बघतात. कोणाला वाटतं मी लाल बावट्याचा आहे, कोणाला वाटतं मी ख्रिस्ती झालो. एका म्हातारीनं तर दुकानात येऊन विचारलं होतं, “कोन्त्या देवानं येवढं वाईट केलं रं तुझं?” संपादकांनीही दिवाळी अंकासाठी लिहा म्हणताना हळूच हाच प्रश्न सोडला. तेव्हा एकदाचं लिहून टाकतो. माझं वाईट देवानं केलं नाही. एका पोटरीनं केलं.

आधी माझ्याविषयी थोडं. माझे चुलते चळवळीतले. आमच्या घरात पोथी नव्हती, पत्रकांची ट्रंक होती. सावकारीविरुद्ध, दारूविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, आणि पुढे पुढे चुलत्यांचं ज्यांच्याशी पटेनासं झालं त्या पुढाऱ्यांविरुद्ध. मी अक्षर ओळखायला शिकलो ते त्या पत्रकांवर. त्यामुळे वाक्य उद्गारचिन्हाशिवायही संपू शकतं हे मला बरंच उशिरा कळलं. पुण्यात दोन वर्षं चित्रकला शिकलो आणि वडील गेल्यावर शिरूरला परत येऊन हे दुकान टाकलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पेंटरचा हात वळला की काम झालं. तसं नाही. पाटीचं अर्धं काम दोरीचं असतं. खडूत घोळलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायची. फटकन सरळ रेघ उमटते. मग अक्षरं. दौंडला एका ठेकेदाराच्या हाताखाली स्टेशनातल्या पाट्या रंगवायला मी अधूनमधून जातो. तिथं एक गोष्ट शिकलो : चालत्या गाडीतल्या माणसाला अक्षर वाचता येतं ते अक्षरामुळे नाही, दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेमुळे. फोटोवरून चित्र करायचं तर फोटोवर बारीक चौकटी आखायच्या, कागदावर तेवढ्याच मोठ्या चौकटी आखायच्या, आणि एकेका चौकटीतला माणूस उचलून पलीकडे ठेवायचा. नाक एका चौकटीत, कान दुसऱ्या.

पण सगळ्यांकडे फोटो कुठला असायला? निमोण्याचे एक गृहस्थ वडिलांचं चित्र काढायला आले. वडिलांचा फोटो कधी निघालाच नव्हता. मी म्हटलं, मग काढू कशावरून? ते म्हणाले, “माझ्यावरनं काढा. फकस्त जरा रागीट करा.” मी त्यांना समोर बसवून जरा रागीट केलं. चित्र बघून सगळं घर रडलं. एकटे ते गृहस्थ चित्रासमोर उभे राहिले आणि नकळत डोक्यावरची टोपी सरळ करू लागले.

हे मला फार भिडलं. खरं काढलं की माणूस उठून उभा राहतो, असं माझं मत झालं, आणि माझं मत झालं की ते चारचौघांत सांगितल्याशिवाय मला राहवत नसे. त्या काळात मी देवांची चित्रंही काढायचो. कमाईतला निम्मा वाटा देवांचा. पण कॅलेंडरवरच्या देवांवर माझा राग होता. त्यांच्या छात्या गाद्यांसारख्या, मांड्या लोडासारख्या, आणि हाताला कोपर शोधून सापडायचं नाही. ज्या हाताला कोपर नाही तो आशीर्वाद द्यायला वर उचलणार कसा, असं मी गिऱ्हाइकाला विचारायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, तुम्ही काढा हो, उचलायचं त्येंचं ते बघतील.

अशात दौंडला मला मंगळ सापडला.

दौंडच्या रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर नोकरी संपवून बायकोसह ऑस्ट्रेलियाला निघाला होता. घरातलं सामान अंगणात मांडून तो विकत होता. मी खुर्ची बघायला गेलो आणि चित्र घेऊन आलो. दीड हात उंचीचं रंगीत छापील चित्र. खडकाशेजारी भाला धरून उभा असलेला एक उघडा पुरुष, कमरेला एक फडकं, तेही वाऱ्यावर सोडलेलं. खालच्या इंग्रजी ओळीतलं चित्रकाराचं नाव वाळवीनं खाल्लं होतं. उरलं होतं त्यावरून कळलं ते एवढंच, की मूळ चित्र चारशेच्या वर वर्षांपूर्वी इटलीत काढलेलं आहे आणि हा रोमन लोकांचा युद्धदेव मंगळ आहे. ड्रायव्हरची बायको म्हणाली, “वो गॉड है, मगर हमारा वाला नहीं.”

काय सांगू तुम्हाला ते अंग. एकेक बरगडी मोजून घ्यावी. खांद्यातून दंड निघालेला, दंडातून कोपर, मनगटावर शीर. त्या लोकांनी म्हणे मुडदे उघडून स्नायू पाहिले होते. मला वाटलं, हा खरा देव, कारण हा खरा माणूस आहे. मी तो दुकानात समोरच टांगला. आई बघून म्हणाली, “तुझ्या पत्रिकेत मंगळ न्हवता म्हनून इकत आनलास व्हय?” आणि पुढं दोन वर्षं माझं लग्न जमलं नाही त्याचं सगळं खापर तिनं त्या चित्रावर फोडलं.

मंगळ टांगून महिना झाला नसेल, तोच ज्ञानबा वस्ताद दुकानात आले. गावच्या तालमीचे हे वस्ताद. वय साठीचं, मान नाहीच, डोकं थेट खांद्यांवर बसवलेलं. तालमीच्या नव्या भिंतीवर त्यांना पुरुषभर उंचीचा मारुती हवा होता. मी म्हटलं, काढतो, पण कॅलेंडरचा नाही. असा काढतो. आणि मंगळाकडे बोट केलं.

वस्तादांनी चित्र बघितलं. जवळून नाही, चार पावलं मागं जाऊन बघितलं. मग म्हणाले, “ह्यो पडनार.”

“कुठं पडणार? चित्र आहे ते, वस्ताद.”

“उभाच न्हाई नीट. पाय वढून पट काढायला पैलवान लागायचा न्हाई. म्हस घासून गेली तरी पडंल. आन् कायतरी चुकलंय त्यात.”

काय चुकलंय ते त्यांना तेव्हा सांगता आलं नाही. विचार करून सांगतो म्हणाले आणि गेले. इथं शहाण्या माणसानं विषय सोडला असता. मी छापखान्यात गेलो. चारशे वर्षं जगानं मानलेल्या कलेला तालमीतला एक माणूस म्हशीच्या मापानं मोजतो, हे मला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी शिरूरच्या भिंतींवर गुलाबी कागद लागले :

‘शिरूरच्या नागरिकांनो, देव डोळे उघडून पाहा! माझ्या दुकानातील चित्रात शरीररचनेची एक जरी चूक कोणी दाखवून दिली, तर शिरूर तालुक्यात मी पुन्हा देवाचे चित्र काढणार नाही! आव्हान स्वीकारा! — पेंटर’

हे लिहिताना आपण निम्मी कमाई डावाला लावतोय हे मला कळत होतं का? कळत होतं. पण पत्रकाला धार यायची तर काहीतरी डावाला लावावंच लागतं, असं ट्रंकेतल्या शिकवणीत होतं.

बाजारच्या दिवशी दुकानासमोर गर्दी जमली. पंच म्हणून मी दाविदमामांना बसवलं होतं. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते. जाताना एका गोऱ्या डॉक्टरनं त्यांना शरीरशास्त्राचं उशीएवढं पुस्तक दिलं होतं, ते मांडीवर घेऊन ते बसले. सुरुवातीलाच त्यांनी लोकांना बजावलं, “आमच्यात देवाची मूर्ती न्हाई. तवा देवाच्या बाबतीत माझ्याइतका निःपक्ष मानूस शिरूरात मिळायचा न्हाई.”

पहिला आला शिंपी. त्यानं लांबूनच माप घेतलं आणि सांगितलं की डाव्या हाताची बाही उजवीपेक्षा चार बोटं कमी लागेल. मी माझा हात त्याच्या नाकाकडे रोखून दाखवला : आपल्याकडे येणारा हात आखूड दिसतो, तसा तो काढलाय. शिंप्याला पटलं, पण तो खट्टू झाला. म्हणाला, मग असल्या माणसाला बंडी शिवायची कशी? न्हाव्यानं हरकत घेतली की एवढ्या जवान माणसाच्या छातीवर एक केस नाही. दाविदमामांनी निकाल दिला : केस म्हणजे रचना नव्हे. शाळेतले एक मास्तर आले, त्यांनी चूक काढली नाही, फक्त चित्राला विजार रंगवून देता येईल का असं हळू आवाजात विचारलं. मग दाविदमामांनी पुस्तक उघडून स्वतःच तपासणी केली. खांद्याचा स्नायू, बरोबर. छातीचा, बरोबर. पोटावरच्या सहा वड्या, बरोबर. एकेक ‘बरोबर’ ऐकून मी इतका फुगलो की छातीच्या मापात मंगळाच्या पुढं गेलो असेन.

दुपार कलल्यावर वस्ताद आले. बरोबर दगडू होता. हा मांडवगण फराट्याचा पैलवान, तालमीतला पहिला गडी. वस्तादांनी चित्राला हातसुद्धा लावला नाही. माझ्या दुकानातलं रंगाचं खोकं ओढून रस्त्यावर ठेवलं आणि म्हणाले, “दगडू, सदरा काढ. चढ वर. त्या बाबासारखा उभा ऱ्हा.”

दगडूनं भाला म्हणून माझी दोरी गुंडाळायची काठी घेतली आणि उभा राहिला. उजव्या पायावर भार, उजवं कुल्लं बाहेर, डावा पाय सैल, पण टाच जमिनीला. हुबेहूब मंगळ, फक्त कान चपटे.

“पेंटर, हितं ये. ह्येची उजवी पोटरी दाब.”

दाबली. टणक.

“आता डावी.”

डावी पोटरी मळलेल्या कणकेसारखी हाताला लागली. दगडूला गुदगुल्या झाल्या, लोक हसले. वस्ताद हसले नाहीत.

“आता तुझ्या देवाची बघ.”

मी बघितलं. दोन वर्षं पुण्यात शिकलेला, महिनाभर त्या चित्रासमोर बसून जेवलेला मी, तेव्हा पहिल्यांदा ते बघितलं. मंगळाचा भार उजव्या पायावर होता आणि फुगून गाठ आलेली पोटरी डावी होती. उजवी गुळगुळीत, झोपलेली.

मी म्हटलं, तो पाऊल टाकायच्या बेतात असेल. वस्ताद म्हणाले, “मंग टाच उचलली असती.” टाच सपाट टेकलेली होती. चित्रकारानं ती इतकी छान टेकवली होती की मला तोंड उघडायला जागा नव्हती.

मी दाविदमामांकडे बघितलं. ते घाईघाईनं पानं उलटत होते. पायाच्या पानावर थांबले, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं आणि पुस्तक मिटलं. “पोटरी हाय पुस्तकात,” ते म्हणाले. “पर ती मेलेल्या मानसाची हाय. तो आडवा हाय. त्येच्यावर भार कुठला?”

गर्दी पुढं सरकून चित्रातल्या पोटऱ्या बघू लागली. मग वस्ताद मला बाजूला घेऊन, जणू त्या चित्रकाराची माझ्याकडे रदबदली करावी तसं म्हणाले, “त्या गड्याची चूक न्हाई फार. समोर उभा केल्याला मानूस दमला आसंल. पाय मोडून आलं, त्यानं भार बदलला. ह्येच्या ध्यानात आलं न्हाई. वर सकाळचा मानूस हाय, खाली दुपारचा.”

चारशे वर्षांपूर्वी इटलीत एक माणूस उभा राहून कंटाळला होता, हे शिरूरच्या बाजारात आमच्या वस्तादांनी ओळखलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी खडू घेतला आणि फळीवर लिहिलं : हरलो.

“आरं लेका, मी काय तुझं पोट मारायला आलो न्हाई,” वस्ताद म्हणाले. “इसर ते. मारुती कवा काढतूस बोल.”

लोकही म्हणाले, विसरा. पण मी आयुष्यभर पुढाऱ्यांना छापील वचनावरून शिव्या घातल्या होत्या. माझं वचन तर गुलाबी कागदावर सगळ्या गावभर चिकटलेलं. मी त्याच संध्याकाळी ती छोटी पाटी रंगवली. रागात रंगवलेली असूनही तिची अक्षरं माझ्या सगळ्या पाट्यांत उत्तम उतरली आहेत, हे मुद्दाम नोंदवतो.

पुढचं वर्ष वाईट गेलं. देवाचं काम घेऊन येणाऱ्याला मी दौंडच्या एका पेंटरकडे पाठवायचो, कारण वचन शिरूर तालुक्यापुरतं होतं. त्या पेंटरनं दिवाळीला मला मिठाई पाठवली. ती मी खाल्ली. तिथं तत्त्वाचा प्रश्न नव्हता. पण एक बाई आली होती, लेकाच्या दुखण्यात बोललेला नवस फेडायला तिला देवीचं चित्र हवं होतं. दौंडला जा म्हटलं तर तिला नेणारं कोणी नव्हतं. पायरीवर बसली थोडा वेळ. उठताना म्हणाली, “पाटी तूच लिवलीस ना? मंग तूच पुसायची की, भाऊ.” मी पुसली नाही. ती तशीच गेली. बरोबर वागलो असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. आता कोणाला सांगत नाही.

दसरा झाल्यावर वस्ताद पुन्हा आले. तालमीची भिंत अजून कोरीच होती. मी पाटीकडे बोट दाखवलं.

“वाचलीय,” ते म्हणाले. “देव मागतंय कोन? दगडूचं चित्र काढ. पोरांना कळू दे उभं कसं ऱ्हायचं आसतं.”

माणसाचं चित्र! मला तर पत्रक काढावंसं वाटलं. देवाच्या जागी भिंतीवर कष्टानं कमावलेला माणूस! मी भिंत खरवडून घेतली, चुन्याचा हात दिला, जवसाच्या तेलाचं अस्तर दिलं, आणि वीस सकाळी दगडूला उभा केला. वस्ताद तांबड्या मातीत बसून राहायचे. दोन्ही पायांवर भार, गुडघे किंचित सैल, नजर समोर. मी सगळं खरं काढलं. पोटावर वड्या नाहीत, कारण पैलवानाचं पोट भरलेलं असतं. मोडून चपटे झालेले कान. गुडघ्यावरचा जुना व्रण. एकदा काढता काढता मी म्हटलं, “दगडू, भार बदललास.” तो चकित होऊन म्हणाला, “तुमास्नी कसं कळलं? मी हाललोबी न्हाई.” मी म्हटलं, पोटरी. मातीत बसलेले वस्ताद मूठभर माती उचलून तळहातावर चोळत राहिले.

चित्र संपवून मी आठ दिवस दौंडला स्टेशनच्या पाट्यांना गेलो. परत आलो तो थेट तालमीत गेलो, आणि दारातच थांबलो.

दगडूला शेंदूर लावलेला होता. हातात गदा दिलेली होती. आणि शेपूट काढलेलं होतं, गेरूनं, वस्तादांच्या स्वतःच्या हातानं. ते पाठीच्या कण्यातून निघालेलं नव्हतं. कमरेच्या बाजूनं, करगोट्याला दोर बांधावा तसं निघालं होतं आणि वर जाऊन प्रश्नचिन्हासारखं वळलं होतं. समोर उदबत्ती, नारळ.

“वस्ताद, तुम्ही मला फसवलंत.”

“कुठं? तू मानूसच काढलास,” वस्ताद म्हणाले. “देव आमी केला.”

यावर माझ्या ट्रंकेत एकही पत्रक नव्हतं.

दगडूची पंचाईत झाली. जोर काढायच्या आधी मारुतीला हात जोडायचे असतात. तो जोडतो, पण दुसरीकडे बघून. त्याच्या बायकोनं जयंतीच्या दिवशी दारातूनच सुनावलं, “घरात ह्येंचं येवढं करती ती काय कमी हाय? हितंबी पाया पडू?” आणि नारळ सासूच्या हातात देऊन मोकळी झाली. दाविदमामाही एकदा येऊन बघून गेले. त्यांचा अभिप्राय असा की चित्र निर्दोष आहे. शेपटाचं प्रकरण त्यांच्या पुस्तकात नसल्यामुळे त्यावर ते बोलू शकत नाहीत.

मी बोलू शकतो. ते शेपूट भयंकर आहे. जनावराचं शेपूट कण्याचाच पुढचा भाग असतं. ते कमरेतून फुटत नाही. चार फटकाऱ्यांत मी ते नीट करीन. एकदा दुपारी तालमीत कोणी नसताना कुंचला घेऊन गेलोही होतो. हात वर केला आणि लक्षात आलं की आता ही देवाची भिंत आहे, आणि ती शिरूर तालुक्यात आहे. परत आलो.

वस्तादांनी तेवढ्यावर सोडलं नाही. त्यांनी माझं गुलाबी पत्रक कुठूनतरी मिळवून, काच घालून, चित्राशेजारी टांगलं. त्यातली ‘माझ्या दुकानातील’ एवढीच अक्षरं गेरूनं पुसली आहेत. तालमीत येणारा परगावचा माणूस आधी पत्रक वाचतो, मग चित्र बघतो, आणि मोठ्या उत्साहानं पत्ता विचारत माझ्या दुकानात येतो. “पेंटर तुमीच का? त्या मारुतीचं शेपूट चुकलंय.”

मी म्हणतो, बरोबर आहे. हरलो. माणूस खूश होऊन जातो.

असा मी गेली सहा वर्षं हरतोय. पण पोटरीत चूक आहे असं सांगायला अजून कोणी आलेलं नाही.